चमचा पडलं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. ताई धारवाडहून माहेरी मिरजेला आली होती, सोबत माझी भाची, वय वर्षे दोन आणि वर चार महिने. आईने नातीसाठी बेसनाचे लाडू मुद्दाम लहान लहान वळले होते. तिने एक लाडू पुढे केला आणि म्हणाली, "घे गं बाळा, आजीकडून घे." भाचीने एकदा लाडवाकडे पाहिले, एकदा ताईकडे पाहिले आणि गप्प उभी राहिली. ताई म्हणाली, "से थँक यू टू आजी." तरी गप्पच. आई हसली. पण आपल्या आईचे खरे हसू कोणते आणि वरवरचे कोणते, हे आपल्याला कळतेच की!

रात्री सगळा उलगडा झाला. ताई मराठी, दाजी कन्नड. भाचीशी ताई मराठीत बोलायची आणि दाजी व त्यांची आई कन्नडमध्ये. भाची प्लेस्कूलला जायला लागली आणि तिथल्या बाईंनी सांगितले की मुलगी बोलण्यात मागे आहे, घरात दोन-दोन भाषा चालतात म्हणून तिचा गोंधळ होतोय, आजपासून घरात एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजीच ठेवा म्हणजे पुढे बरे पडेल. झाले! ताईने मराठी बंद केली, दाजींनी कन्नड कमी केली. दोघांचेही इंग्रजी आपल्यासारखेच, म्हणजे इंटरव्ह्यूपुरते. त्यात पोरीशी बोलायचे तरी किती? "कम", "सिट", "ईट", "नो". त्यामुळे पूर्वी जे घर दिवसभर बडबडायचे ते एकदम शांत झाले.

आता खरी गोम सांगतो. हे सगळे करण्याआधी ताईने मला फोन केला होता. "तू इंजिनिअरिंगला आहेस, तुझं काय मत?" असे विचारले होते. माझे जर्नल अपुरे, दुसऱ्या दिवशी सबमिशन. मी म्हणालो, "शाळावाले म्हणतायत तर बरोबरच असणार, त्यांना अनुभव असतो." आणि फोन ठेवला. म्हणजे आईच्या त्या वरवरच्या हसण्याला थोडाफार मीही जबाबदार. म्हणून सुट्टी संपवून होस्टेलवर आल्यावर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोराने बालभाषेवर लेख लिहिण्याचे कारण एवढेच.

पहिला झटका मात्र पुस्तकाने नाही, माझ्या रूम पार्टनरने दिला. हा सोलापूरचा, पद्मशाली घरातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारच्या काकूंशी कन्नड, चौकात हिंदी. त्याला मी विचारले, "लहानपणी तुझा गोंधळ झाला होता का रे?" तर म्हणतो, "गोंधळ इथे आल्यावर झाला, मॅथ्स थ्रीला." त्याच्या आईला कधी कोणी एकच भाषा ठेवा असे सांगितले नव्हते. सोलापुरातल्या विणकर वस्तीत असे सांगितले असते तर लोक हसले असते.

पण एका रूम पार्टनरवरून सिद्धांत मांडता येत नाही, तेव्हा शास्त्र काय म्हणते ते पाहू. मुळात तान्ह्या बाळाला दोन भाषा वेगळ्या ओळखू येतात का? प्रश्न असा की जे बोलत नाही त्याला विचारायचे कसे? यावर संशोधकांनी काढलेली युक्ती आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबला शोभेल अशी आहे. बाळाच्या तोंडात रबरी चोखणी द्यायची आणि तिला प्रेशर सेन्सर जोडायचा. काही नवे, आवडीचे ऐकू आले की बाळ जोराने चोखते, तेच तेच ऐकून कंटाळले की वेग मंदावतो. 2010 साली क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन, ट्रेसी बर्न्स आणि जॅनेट वर्कर यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांवर हा प्रयोग केला. ज्यांच्या आया गरोदरपणी फक्त इंग्रजी बोलत होत्या त्या बाळांना इंग्रजी जास्त आवडली. ज्यांच्या आया इंग्रजी आणि फिलिपाइन्समधली तागालोग अशा दोन्ही भाषा बोलत होत्या त्या बाळांनी दोन्हींत रस दाखवला, आणि तरीही या दोन भाषा वेगळ्या आहेत हे त्यांना समजत होते. म्हणजे पोटातच ऐकणे सुरू झालेले असते. भाषेचा ठेका, लय आईच्या शरीरातून आत पोचते.

याहून भारी प्रयोग 2007 सालचा, व्हिटनी वायकम आणि सहकाऱ्यांचा. बाळांना माणसांचे बोलतानाचे नुसते चेहरे दाखवले, आवाज पूर्ण बंद. बोलणारी व्यक्ती मध्येच इंग्रजीवरून फ्रेंचवर गेली की चार आणि सहा महिन्यांच्या बाळांना नुसत्या ओठांच्या हालचालीवरून फरक कळत होता! आठ महिन्यांच्या बाळांत मात्र तो फक्त दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्यांनाच कळत होता. एकाच भाषेच्या घरातल्या बाळांनी तोवर ते कौशल्य सोडून दिले होते, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. आता सांगा, जे बाळ आवाजाशिवाय भाषा ओळखते त्याचा दोन भाषांनी गोंधळ कसा होईल?

हे सोडून देण्याचे प्रकरण मोठे रंजक आहे. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना आपले त आणि ट ऐकवले. प्रयोगातले उच्चार हिंदीचे होते, पण हा फरक मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो कळणारी थोडीच उरली. इंग्रजीला हा फरक लागत नाही, म्हणून वर्षाच्या आत कानांनी तो गाळून टाकला. आपण ज्याला अॅडाप्टिव्ह फिल्टर म्हणतो तोच प्रकार, फक्त इथे गुणांक ठरवणारा सिग्नल म्हणजे घरातली बडबड. दोन भाषांच्या घरातले मूल दोन्ही भाषांना लागणारे फरक ठेवते.

आमच्या भाचीवर मी याची छोटीशी ओरल घेतली. मराठीत आपण च दोन प्रकारे म्हणतो, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. लिहिताना दोन्ही एकच, त्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही. कन्नडमध्ये चहातलाच तेवढा आहे, आणि चमच्याला कन्नडमध्येही जवळजवळ तोच शब्द आहे. भाची माझ्यासमोर चमच्याचा च व्यवस्थित मराठी म्हणाली. तिच्या आजीचा कन्नडमध्ये व्हिडिओ कॉल आला तेव्हा तोच शब्द चहातला च लावून म्हणाली. बाईंच्या मते हिचा गोंधळ होता!

आणखी एक. माझी आई म्हणजे 'आजी' आणि दाजींची आई म्हणजे 'अज्जी'. हे दोन शब्द इतके जवळचे आहेत की मी स्वतः त्यात चुकतो. भाची एकदाही चुकली नाही. तिच्या लेखी ती दोन निरनिराळी माणसे आणि दोन निरनिराळ्या भाषा आहेत. (जाता जाता, कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई. मी लग्नानंतर पहिल्यांदा धारवाडला गेलो आणि दारातून "ताई!" अशी हाक मारली तेव्हा दाजींच्या आईच्या चेहऱ्यावर जे हसू आले त्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला.)

मग हा गोंधळाचा समज आला कुठून? तो काही आपल्याकडच्या बाईंनी काढलेला नाही, त्यालाही इतिहास आहे. फ्रान्समधल्या ज्यूल रोंझा या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या लुई या मुलाच्या बोलण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि 1913 साली त्यावर पुस्तक काढले. बाप फ्रेंच, आई जर्मन. मोरिस ग्रामों याने त्याला सल्ला दिला होता की एका माणसाने मुलाशी एकच भाषा बोलावी. लुई दोन्ही भाषा छान शिकला. पुढे अमेरिकेत वर्नर लिओपोल्ड या मूळच्या जर्मन प्राध्यापकाने आपल्या हिल्डगार्ड या मुलीची रोजनिशी ठेवली. तिचे चार खंड 1939 ते 1949 या काळात निघाले. (आपल्याला एका जर्नलला रडू येते!) हिल्डगार्डशी तो जर्मन बोलायचा, आई इंग्रजी. पहिली दोनेक वर्षे ती दोन्ही भाषांचे शब्द एकाच वाक्यात घालायची, त्यावरून लिओपोल्डला वाटले की सुरुवातीला तिच्या डोक्यात दोन भाषांचे मिळून एकच गाठोडे आहे. 1978 साली व्होल्टेरा आणि टेशनर या दोघींनी इटालियन-जर्मन मुलींवरून हेच पायऱ्यांच्या स्वरूपात मांडले: आधी एकच मिश्रण, मग हळूहळू दोन भाषा सुट्या होतात. मूळ कल्पना एवढीच होती. ती लोकांपर्यंत येताना तिचे 'गोंधळ' झाले आणि गोंधळावर उपाय म्हणून 'एक भाषा बंद करा' आले.

1989 साली मॉन्ट्रियलच्या फ्रेड जेनेसी यांनी यावर बोट ठेवले. मूल शब्द मिसळते यावरून त्याला भाषा वेगळ्या कळत नाहीत असे सिद्ध होत नाही. ते कोणाशी बोलताना किती मिसळते हे तपासले पाहिजे. 1995 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आसपासची मुले पाहिली. मुले मिसळत होती हे खरे, पण आईशी बोलताना आईची भाषा जास्त वापरत होती आणि वडिलांशी बोलताना वडिलांची. म्हणजे निवड चालू होती. मग मिसळतात का? कारण हवा तो शब्द त्या भाषेत अजून आलेला नसतो. आपण व्हायवाला आठवत नसलेल्या व्याख्येच्या जागी जवळची व्याख्या ठोकतो, तसेच. शिवाय मोठी माणसे तरी कुठे शुद्ध बोलतात? मेसमध्ये कान देऊन एक वाक्य सापडते का बघा, ज्यात इंग्रजी शब्द नाही. आपला कोणी गोंधळ म्हणत नाही.

आता बाईंची दुसरी तक्रार, मुलगी बोलण्यात मागे आहे. ही हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण काही मुले खरोखर मागे असतात. पण मोजायचे कसे? मी आणि ताईने दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी वही घेऊन भाचीचे शब्द लिहून काढले. दाजींनी फोनवरून कन्नड सांगितले. मराठी 27, कन्नड 34, इंग्रजी 11. प्लेस्कूलमध्ये फक्त शेवटचा आकडा दिसत होता! तिन्ही मिळून 72. त्यात दूध आणि हालु यांसारख्या, एकाच वस्तूच्या जोड्या 14. त्या एकदाच धरल्या तरी 58 वस्तू, क्रिया, माणसे यांना तिच्याकडे नाव होते. दोन वर्षांच्या सुमारास साधारण 50 शब्द आणि दोन शब्दांची जोडणी, ही डॉक्टर लोकांची ढोबळ खूण आहे. जोडणीही होती: 'अप्पा बा', म्हणजे बाबा ये. 'पाणी बेकु', पाणी हवे. दुसरी अर्धी मराठी अर्धी कन्नड आहे, पण जोडणी ती जोडणीच. मायामीमधल्या इंग्रजी-स्पॅनिश मुलांवर बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली हेच दाखवले होते. एकेक भाषा सुटी मोजली तर ही मुले मागे वाटू शकतात, दोन्ही मिळून मोजली तर ती इतर मुलांच्या बरोबरीने असतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी मुद्दा हाच, आणि याला वही-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

तरीही ताईला मी सांगितले, कान तपासून घे. खरा उशीर असेल तर तो सगळ्याच भाषांत दिसतो, आणि त्याचे कारण कमी ऐकू येणे हे असू शकते. भाषा कमी केल्याने ते बरे होत नाही, उलट तपासणीला उशीर होतो. जानेवारीत तपासणी झाली, कान ठणठणीत निघाले.

व्याकरणाकडे वळतो, कारण इथे आपल्या पंचक्रोशीचा संबंध आहे. भाची म्हणते, "चमचा पडलं." आई लगेच म्हणायची, "पडलं नाही गं, पडला." कन्नडमध्ये माणूस पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, बाकी वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. चमचा पडो, दार पडो, सगळ्याला 'बित्तु'. मराठीत मात्र चमचा तो, वाटी ती आणि ताट ते, याला कारण काय हे कोणी सांगेल का? तेव्हा पोरीने कन्नडचा सरळ नियम मराठीला लावला असावा. असावा अशासाठी म्हणतो की निव्वळ मराठी घरातली मुलेही या वयात लिंगात चुकतात. तसेच तिचे 'आम्ही जाऊया'. कन्नडमध्ये 'नावु' एकच, त्यात आम्ही आणि आपण दोन्ही आले.

आता गंमत बघा. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो ते कुपवाड भाषाशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे! एमआयडीसीमुळे नव्हे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली या गावावर निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा हे तीनेक हजार वस्तीचे खेडे होते. जैन शेतकरी घरात कन्नड बोलायचे, मुसलमान उर्दू, इतर काही समाज मराठी, दोर वळणारे तेलुगू. पिढ्यानपिढ्या एकमेकांत वावरून या भाषांचे व्याकरण इतके जवळ आले की वाक्यातले शब्द बदलले की भाषा बदलली, सांगाडा तोच. आणि तिथल्या मराठीत निर्जीव वस्तू चक्क कन्नडसारख्या नपुंसकलिंगी झाल्या होत्या. तिथे 'नदी आलं' म्हणायचे! म्हणजे भाचीची चूक कुपवाडकरांनी आधीच करून ठेवली होती आणि तिच्यावर गावगाडा छान चालला होता. तरीही घराघरातली भाषा कोणी सोडली नव्हती, हे त्या निबंधात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. बाहेर मराठी, घरात कन्नड, घरात उर्दू.

मात्र भाषा नुसती घरात आहे म्हणून मुलाला येते असेही नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी एका टोकाची चूक सोडून दुसऱ्या टोकाची करीन. भाषेला तास लागतात. बेल्जियमच्या डच भाषिक भागात, फ्लँडर्समध्ये, आनिक द हौवर यांनी सुमारे 1900 कुटुंबांची माहिती गोळा केली, निष्कर्ष 2007 साली आले. घरात दुसरी भाषा बोलली जात असूनही जवळजवळ एक चतुर्थांश कुटुंबांतली मुले ती बोलत नव्हती. आई-वडील दोघेही घरात ती बोलत असतील तर टिकण्याची शक्यता खूप वाढत होती. शाळेची, रस्त्यावरची भाषा मुलाला येतेच, तिची काळजी नको. मागे पडते ती घरातली. धारवाडमध्ये कन्नड सगळीकडे आहे. मराठी फक्त ताईच्या तोंडी. ताई गप्प झाली की मराठी संपली.

यावर आमच्या वडिलांनी उपाय सुचवला, मराठी कार्टून लावून द्या. तर तेही तपासलेले आहे. 2003 साली पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, सुमारे 25 मिनिटांची अशी 12 सत्रे. समोर बसून, खेळणी दाखवत माणूस बोलला तेव्हा बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच माणूस, तेच बोलणे टीव्हीवर दाखवले तर काहीच उतरले नाही, शून्य! बाळाला समोर उत्तर देणारे कोणीतरी लागते. (आमच्यातल्या ज्यांनी अख्खा सिग्नल्स अँड सिस्टिम्स व्हिडिओवर उरकला त्यांनी विचार करावा.)

आणि गेलेली भाषा परत येते का? हिल्डगार्डची हकिकत धीर देणारी आहे. अमेरिकेत इंग्रजी वरचढ होऊन तिची जर्मन पार मागे पडली होती. पाच वर्षांची होताना कुटुंब काही महिने जर्मनीला गेले. थोड्याच आठवड्यांत ती घडाघडा जर्मन बोलू लागली, उलट इंग्रजीच अडखळू लागली. परत आल्यावर इंग्रजी पुन्हा रुळावर. भाषा या वयात झोपते आणि उठते.

दोन भाषांनी मुलाची बुद्धी वाढते असे आजकाल सांगतात, त्यावर मी फार भर देणार नाही. 1920 च्या दशकात वेल्समध्ये दोन भाषांची मुले बुद्धीत कमी असल्याचे म्हटले गेले, 1962 साली मॉन्ट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी ती सरस असल्याचे दाखवले, आणि अलीकडचे निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत. मुलीला आजीशी बोलता यावे, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

ताईने जानेवारीपासून मराठी पुन्हा सुरू केली, दाजींनी कन्नड. प्लेस्कूलमध्ये ताईने शब्दांची वही नेऊन दाखवली. बाई म्हणाल्या, "बघू." इंग्रजी शाळेत चालूच आहे. भाची आता तीन-तीन शब्दांची वाक्ये करते. हे मराठी परत सुरू केल्यामुळे की वय वाढल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही, एका मुलीवरून ते कोणालाच सांगता येणार नाही. आई रोज संध्याकाळी सातला फोन करते. पहिले आठ दिवस नुसती आईच बोलत होती. आता ती "चमचा पडलं" ऐकते आणि चूक काढत नाही, नुसते म्हणते, "हो का, चमचा पडला? कुठे पडला?" आणि पोरगी पुढे सांगत राहते. मे महिन्यात ताई तीन आठवडे राहायला येणार आहे. माझ्या तेव्हा ओरल्स असतील, त्यामुळे मला शनिवार-रविवारच मिळणार.